डाळ शिजते म्हणून पाणी चांगलं? घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

"आमनं पानी गोड शे," हे खानदेशातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. पुरावा विचारला तर घरातली बाई कुकरकडे बोट दाखवते. तूरडाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते, साबणाला फेस येतो, अजून काय पाहिजे? तापीकाठच्या आमच्या गावातही हीच परीक्षा चालते. परीक्षा खोटी नाही, पण त्यातून एवढंच कळतं की पाणी जड नाही, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बेताचं आहे. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू डाळीच्या आड येत नाहीत. मी गावच्या पाणीपुरवठा समितीवर होतो तेव्हा एका पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या गल्लीत एकापाठोपाठ एक घरं आजारी पडली. जुलाब-उलट्यांनी माणसं सलाईनवर होती आणि त्या सगळ्या घरांत डाळ झकास शिजत होती.

सगळ्यांनी बोट दाखवलं ते गावच्या टाकीकडे. आम्ही तपासणीच्या छोट्या बाटल्या आणल्या, ज्यात पाणी भरून ठेवलं की विष्ठेतले जंतू असल्यास एक-दोन दिवसांत काळं पडतं. एक बाटली टाकीखालच्या नळावर भरली, एक गल्लीच्या मध्यावर, एक अगदी शेवटच्या घरी. माझ्याच ओट्यावर ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची बाटली होती तशीच होती. मधली धुरकट झाली होती आणि शेवटच्या घरची शाईसारखी काळी. पाणी टाकीतून चांगलं निघत होतं. ते बिघडत होतं आमच्याच गल्लीत, आमच्याच हातानं.

नळाचा खड्डा

दाब कमी, म्हणून प्रत्येकानं नळ जमिनीखाली उतरवलेला. अंगणात दीड-दोन फुटांचा खड्डा आणि त्यात उघडा पाइप. तोटी कुणालाच नको असते, कारण पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सूं-सूं करते आणि त्या आवाजानं बाई जागी होते. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी झोपेत निघून जाऊ नये, ही तिची काळजी रास्तच आहे.

पण पाणी बंद होतं तेव्हा काय होतं ते बघा. उतारावरची घरं शेवटचं पाणी ओढून घेतात, पाइपात पोकळी होते आणि खड्ड्यात साचलेलं पाणी उलटं आत शिरतं. त्यात भांडी घासल्याचं पाणी असतं, अंगण धुतल्याचं असतं, कुत्र्यानं तोंड घातलेलं असतं, गटार शेजारी असेल तर त्याची ओलही उतरलेली असते. पुढच्या खेपेला सगळ्यात आधी येतं ते हेच, आणि ते आपल्याच घरी येईल असं नाही, पुढच्या जिभाऊंच्या हंड्यातही जातं. खड्ड्यातून थेट मोटर लावून ओढणारे तर यात भरच घालतात. मोटर लाइनीतलं पाणी ओढते तशी प्रत्येक फुटक्या सांध्यातून बाहेरची घाणही आत ओढते.

इलाज साधा आहे. खड्ड्याचा तळ आणि बाजू सिमेंटनं बंद करा, पाइपाचं तोंड तळापासून वीतभर तरी वर ठेवा, तोटी बसवा आणि पाणी गेल्याबरोबर बंद करा. आवाजासाठी उघडी ठेवायचीच असेल तर खड्डा कोरडा पाहिजे. नळी भांड्यातल्या पाण्यात बुडवून सोडू नका, तोंड वर असू द्या. पाणी आलं की पहिली पाच-दहा मिनिटं ते सड्याला, झाडाला, म्हशीच्या अंगावर जाऊ द्या. आमच्याकडे यावरून भांडणं झाली. 'आठ दिवसांनी आलेलं पाणी ओतून देऊ?' असं एका आक्कांनी मला ऐकवलं होतं. ओतू नका, वेगळ्या बादलीत धरा आणि धुण्याला वापरा, एवढंच म्हणणं आहे.

पाण्यात गडबड वाटली तर आधी मोटर बंद करून नुसत्या दाबानं येणारं पाणी पाहा. वास गेला तर लाइन तुमच्याच आसपास फुटली आहे. पेल्यातलं दुधट पाणी तळाकडून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. आणलं तेव्हा स्वच्छ होतं आणि उभं राहून लालसर झालं तर लोह. सडक्या अंड्याचा वास बहुतेक बोअरच्या किंवा बरेच दिवस साठलेल्या पाण्याला येतो. भांड्याला पांढरा थर बसतो तो जडपणाचा, त्यानं माणूस आजारी पडत नाही, गिझर मात्र पडतो.

औषधाचा वास आला म्हणून ओरड

टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, जास्त पडलं की ग्रामपंचायतीवर लोक धावून येतात, पडलंच नाही तर कुणी येत नाही. त्यामुळे टाकीत ती पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाचा हात आखडतो. खरं तर नळाच्या टोकाला, म्हणजे शेवटच्या घरी, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे. ओटीच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाच्या, थेंबांनी पाणी फिकट पिवळं झालं तर ते शिल्लक आहे. हलका वास येणं चांगलंच. दुसरी चूक पोत्याची. टीसीएलचं पोतं उघड्यावर, ओलीत ठेवलं की त्यातला क्लोरीन उडतो आणि उरतो तो चुना. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो आणि पाणी निवळ असेल तर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम पुरते. ती कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसवा. नुसत्या तुरटीनं पाणी दिसायला स्वच्छ होतं, जंतू मरत नाहीत.

टिपाडात साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन दोन-तीन दिवसांत उडून जातो. म्हणजे दहा दिवसांच्या खेपेत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तुम्ही बिनऔषधाचं पाणी पिता. पिण्यापुरतं पाणी रोज वेगळं काढा. आशाताई देतात ती मेडिक्लोरची, म्हणजे पातळ क्लोरीनची, बाटली किंवा क्लोरीनची गोळी लेबलवरच्या मापानं घाला, नाहीतर पाणी खळखळून उकळा.

माठ आणि हात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरली की नवा माठ घरात येतो. धुतला जातो तो त्याच दिवशी, पुढे ऊन उतरेपर्यंत त्याला कुणी आतून हात लावत नाही. पण पाण्यात मात्र हात दिवसभर पडतो. पोरं पेला घेऊन कोपरापर्यंत आत जातात. लांब दांड्याचं ओगराळं पूर्वी प्रत्येक घरात माठाच्या झाकणावर असायचं, ते कुठे गेलं कोण जाणे. ओगराळं ठेवा नाहीतर तोटीचा माठ घ्या, आणि आठवड्यातून एकदा आतून घासा.

आठवड्याला 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असं सांगितलं जातं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून सल्ला बरोबर आहे. पण दहा दिवसांनी नळ येणाऱ्या घरात भरलेलं टिपाड उपडं कोण करणार? तिथे टिपाडाला धोतराचं फडकं ताणून बांधा आणि नळाच्या दिवशी भरण्याआधी कडा घासून काढा, अंडी कडेलाच चिकटलेली असतात. हौदात गप्पी मासे सोडा.

जार, आरओ आणि मीटरचा आकडा

लग्नात, दुकानात, आता घरातही थंड पाण्याचा जार आला आहे. थंड म्हणजे शुद्ध हा गैरसमज आहे. बऱ्याच जारवर कसलाही शिक्का नसतो. आरओच्या, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेल्या, पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार नीट धुतला नसेल तर जंतूंना रान मोकळं. टीडीएसचा पेन बुडवून '८० आला, एक नंबर पाणी' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो क्षार मोजतो, जंतू मोजत नाही.

आरओ लागतो ते वेगळ्या कारणासाठी. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यात वर्षानुवर्षं युरिया ओतला गेला आहे आणि तो झिरपून नायट्रेट बनतो. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात वरचं दूध कालवून दिलं तर रक्त प्राणवायू नेईनासं होतं आणि बाळ निळं पडू शकतं. शेतातल्या बोअरचं पाणी घरी पीत असाल तर एकदा तरी नायट्रेट तपासा. आरओ लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी सोडतो, ते फरशीला वापरा.

औषधाचा डबा

हे लिहिताना मला राग येतो. कपाशीवर फवारलेल्या औषधाचा पाच लिटरचा डबा मजबूत असतो, झाकण घट्ट बसतं, म्हणून तो धुऊन शेतावर पाणी न्यायला घेतात. मी अशा एका डब्याचं झाकण नाकाशी धरून पाहिलं आहे. तीनदा राखेनं घासलेला होता, तरी वास होता. प्लास्टिक औषध पिऊन बसतं. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी मोहात पडणार नाही. पंप विहिरीच्या काठावर धुऊ नका, आणि भरताना नळीचं टोक पंपातल्या पाण्यात बुडू देऊ नका.

कूलर, मोटर आणि ओले पाय

पारा ४५ ला गेला की आमच्याकडे लोखंडी कूलर चोवीस तास चालतो. चालू कूलरमध्ये नळीनं पाणी भरायचं, फरशी ओली, पाय अनवाणी. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसत नाही म्हणून अर्थिंगची पिन तोडलेली. नळाच्या दिवशी मोटरचीही हीच गत, वायर चिखलातून नेलेली आणि जोड चिकटपट्टीचा. पाणी भरताना कूलरचा प्लग काढा, नुसतं बटण पुरत नाही. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. मोटर पायानं सरकवू नका. कुणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा.

टीसीएल आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि अंगणातल्या हौदाला झाकण नसेल तर आजच लावा, लहान पोराला बुडायला हौद भरलेला लागत नाही.

नमुना कुठला घ्यायचा

पाण्याला धोका कमी म्हणून ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड गावच्या स्रोताचं असतं, तुमच्या खड्ड्याचं नाही. प्रयोगशाळेत पाणी द्यायचं असेल तर बाटली तिथूनच आणा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी असते, घरची धुतलेली चालत नाही. तोटी ज्योतीनं तापवा, थोडं पाणी जाऊ द्या, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. टाकीखालचा नमुना घ्याच, पण दुसरा गल्लीतल्या शेवटच्या घरातून घ्या, आणि जमलं तर तिसरा त्याच घरातल्या माठातून.