आढं वाकलं तेव्हा

आमचं रत्नागिरीकडचं घर मंगळुरी कौलांचं. दर मे महिन्यात शाकारणी व्हायची, फुटकी कौलं बदलायचो, तरी जुलैत कुठेतरी टपटप सुरूच. गेल्या वर्षी अंगणातून नीट पाहिलं, तर आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मधोमध खाली आलेलं. शिडी लावून वळचणीकडच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, वाशात स्क्रूड्रायव्हर टोचला. बोटभर सहज आत गेला, भुसा गळला. वाळवी! वासा भिंतीवर टेकतो तिथे ओल धरते, तिथेच आधी बघावं. वासे, त्यांवरच्या रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) सगळं नवं घातलं. कौलं मात्र एकेक वाजवून पाहिली. खणखणीत ती ठेवली, बद्द वाजली ती काढली. आजोबांच्या वेळची निम्म्याहून अधिक कौलं आजही छपरावर आहेत, याचा फार आनंद वाटतो.