तलावातली मासोळी खाताय? या चुका टाळा

रविवारी पहाटे नागपुरात अंबाझरी नाही तर फुटाळा तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेली दोन-चार माणसं दिसतातच. पिशवीत तिलापिया असतो, नशीब चांगलं असेल तर रोहू. मासा अजून तडफडतोय, मग याहून चांगलं काय मिळणार, असं वाटतं. चूक इथूनच सुरू होते. डोळे चमकदार, कल्ले लालभडक, अंग घट्ट ही ताज्या माशाची लक्षणं आहेत, स्वच्छ माशाची नव्हेत. पाऱ्याला आणि शिशाला माशात वास नसतो, रंग नसतो, चव नसते. म्हणून आधी तलाव पाहायचा, मासा नंतर.

तलावात काय उतरतं हे न पाहणं

अंबाझरीकडे वाडी-हिंगण्याच्या बाजूचं पाणी उतरतं, आणि त्या बाजूला वस्ती आहे तसे कारखानेही आहेत. गांधीसागर, सक्करदरा, नाईक तलाव हे भर वस्तीतले. तिथे वर्षानुवर्षे रंगवलेल्या मूर्तींचं विसर्जन झालं. आता कृत्रिम टाक्या आल्या ही चांगलीच गोष्ट, पण रंगातले धातू एकदा गाळात बसले की सहज जात नाहीत. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आहेत. कोळशाच्या राखेत पारा, आर्सेनिक, शिसं असतं. राखेच्या बंधाऱ्याखालच्या नाल्यात गळ टाकूच नका.

माझं मत स्पष्ट आहे: शहरातल्या तलावात गळ टाकायचा तर मासा पुन्हा पाण्यात सोडा. खायची मासोळी हवी तर शहराचा नाला जिथे मिळत नाही अशा मोठ्या जलाशयातली घ्या, रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या. मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेच्या ढिवर बांधवांना विचारा. कुठल्या कोपऱ्यात घाण पाणी येतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मोठा मासा म्हणजे चांगला मासा, हा समज

मरळ दुसरे मासे खाऊन वाढते. लहान माशांतला पारा तिच्या अंगात साठत जातो, आणि वय वाढेल तसा वाढतच राहतो. त्यामुळे संशयाच्या पाण्यातली तीन किलोची मरळ ही फुशारकीची नव्हे, काळजीची गोष्ट आहे. मिरगल आणि मांगूर तळाशी चरतात, म्हणजे थेट गाळाजवळ. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. निवड करायचीच असेल तर मध्यम आकाराचा कटला किंवा रोहू बरा.

पारा माशाच्या मांसातच बसलेला असतो, म्हणून धुऊन, तळून किंवा उकळून तो निघत नाही. चरबीत साठणारी कीटकनाशकं मात्र पोटाची चरबी आणि कातडी काढल्यास बरीच कमी होतात. ज्या तलावाबद्दल अधिकृत सूचना नाही, तिथला मासा मोठ्या माणसाने आठवड्यात एकदाच, साधारण 170 ग्रॅम खावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नये, असा अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांचा सल्ला आहे. लहान मुलांना याहून कमी. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या ताटात शहरातल्या तलावाचा मासा अजिबात वाढू नका. पोटातल्या बाळाच्या मेंदूला पाऱ्याचा धोका सर्वात जास्त असतो.

तरंगलेली मासोळी गोळा करणं

पहिल्या पावसाचं घाण पाणी आत शिरलं, किंवा दिवसभर आभाळ राहिलं, की पाण्यातला प्राणवायू पहाटे संपत येतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि मरतात. सकाळी काठावर ढीग लागतो, आणि कोणीतरी पिशवी घेऊन येतंच. घेऊ नका. ते कधी मेले माहीत नाही, आणि कारण प्राणवायूच होतं की कोणी विष टाकलं हेही कळत नाही. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी उन्हाळ्यात आटलेल्या डोहात हे प्रकार होतात. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसला तरी गळ गुंडाळा. त्या शेवाळाचं विष उकळल्याने मरत नाही. ते माशाच्या यकृतात आणि आतड्यांत जास्त साठतं.

पित्ताची पिशवी गिळणं

हे सर्वात कळकळीने सांगतोय. साखर उतरते, दमा जातो, नजर सुधारते म्हणून रोहू-कटल्याची हिरवी पित्ताची पिशवी कच्ची गिळणारे लोक आहेत. त्या पित्तातल्या विषाने मूत्रपिंडं बंद पडतात. भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पुन्हा पुन्हा नोंदवलेले आहेत. आधी काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मग थोडं बरं वाटतं आणि माणूस घरीच थांबतो. तिथेच घात होतो, कारण दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते आणि डायलिसिसची वेळ येते. शिजवूनही हे विष जात नाही. कोणी पित्त गिळलं असेल तर त्रासाची वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना "माशाचं पित्त खाल्लं" हे सरळ सांगा, लाजू नका.

साफ करताना पिशवी फुटली तर घाबरू नका. हिरवा डाग पडलेला भाग कापून फेका आणि बाकीचं वाहत्या पाण्यात धुवा.

सावजी तर्रीवर भरवसा

तिखटाने जंतू मरत नाहीत. त्यासाठी आच लागते. गोड्या पाण्यातल्या माशात कृमी असू शकतात, म्हणून जाड तुकडा मध्यभागीही 63 अंशांपर्यंत तापायला हवा. थर्मामीटर नसेल तर तुकडा मधून फोडून पाहा: मांस पांढरं, काट्यापासून सुटणारं हवं. काट्याजवळ काचेसारखं दिसलं तर कढई पुन्हा चुलीवर.

वासाचा चुकीचा अर्थ

रश्शाला मातीचा वास आला की लोक अख्खा मासा फेकतात. तो वास पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे येतो आणि अपायकारक नसतो. तुकडे हळद-मीठ लावून अर्धा तास ताकात किंवा चिंचेच्या कोळात ठेवा, बराच कमी होतो. रॉकेल, फिनाइल किंवा औषधाचा वास आला तर मात्र मासा फेकाच, कितीही महाग मिळालेला असो.

आणि बर्फ विसरू नका. मे महिन्यात 45 अंशांत डिक्कीतली मासोळी तासाभरात बिघडते. निघतानाच माशाच्या वजनाइतका बर्फ सोबत घ्या, काठावरच पोट साफ करा आणि घरी आल्याबरोबर शिजवा.