प्लगचे आटे सांभाळा

मे महिन्यात नागपुरात वर्धा रोडवरून गाडी आणली आणि लगेच बोनेट उघडून स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) काढायला घेतले, असं करू नका. प्लग ज्यात बसतात ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग फिरवला तर आटे खरवडून निघतात. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत बसा.

प्लगवरची कॉइल (त्याला वीज देणारी) बोल्ट काढून उपसा, खोबणीतली धूळ हवेने उडवा, सॉकेटने (बहुतेक गाड्यांना १६ मिमीचा) प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ठेवा.

प्लगचं आतलं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी दिसली तर आधी एअर फिल्टर बघा. तेलकट काळं टोक म्हणजे इंजिन ऑइल खातंय, प्लग बदलून भागणार नाही. पांढरं, फोड आलेलं असेल तर प्लग जास्त तापतोय. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाची फट, मॅन्युअलप्रमाणे ठेवा, साधारण ०.७ ते १.१ मिमी. इरिडियमच्या प्लगला तारेचा ब्रश लावाल तर बारीक टोक गमवाल.

खरी परीक्षा बसवताना. मी एकदा थेट रॅचेट पान्यानेच प्लग आत घातला. दोन आटे गेला आणि अडला. बाजूला उभा मेकॅनिक म्हणाला, "लाव ना भाऊ जोर, बसते तो." मी लावला. प्लग तिरका शिरला होता. पुढे हेड उतरवून हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची नवी आटी) बसवावं लागलं, तेही दीडशे रुपयांच्या प्लगपायी.

तेव्हापासून पेटीत वीतभर रबरी नळी असते. प्लगचं वरचं टोक तिच्यात खोचायचं, आधी उलटं फिरवायचं, हाताला हलकं 'टक्' लागलं की सुलटं. प्लग तिरका असला तर नळी नुसती घसरते, आटे वाचतात. शेवटपर्यंत बोटांनीच जायला हवा. अडला तर बाहेर काढा, पान्याला हात लावू नका.

वॉशरचा नवा प्लग बोटांनी टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच जुना प्लग परत बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून घड्याळातल्या एका तासाएवढाच. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा. आट्यांना ग्रीस चोपडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: घर्षण कमी होतं, आकडा तोच दिसतो आणि प्लग मात्र प्रमाणाबाहेर आवळला जातो.

कॉइल दाबा, बोल्ट लावा, गाडी सुरू करा.