चवथीच्या ऑर्डरी: जाहिरातीवर पैसे न घालता इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरगुती नेवऱ्या (करंज्या), लाडू, आगळ (कोकमाचा रस) किंवा लोणची विकणाऱ्याने आधी एक गोष्ट पक्की करावी: आपलं गिऱ्हाईक गोव्यातच, पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहे. रील दिल्लीत हजारो लोकांनी पाहिली म्हणून नेवरी खपत नाही. फोंड्यातल्या तीनशे जणांनी पाहिली तर खपते. त्यामुळे फॉलोअर विकत घेणं किंवा बक्षिसाच्या पोस्टी टाकून गर्दी जमवणं सोडून द्या. ती माणसं पुढच्या पोस्टींकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग इन्स्टाग्राम आपल्या खऱ्या गिऱ्हाइकांनाही पोस्ट कमी दाखवू लागतं.

सुरुवात व्हॉट्सॲप बिझनेसपासून (धंद्यासाठीचं वेगळं, फुकट ॲप) करा, कारण गोव्यात ऑर्डर शेवटी तिथेच येते. त्यातल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, प्रत्येक जिन्नसाचा एक स्वच्छ फोटो, नग किंवा वजन, दर आणि माल किती दिवस टिकतो ते घाला. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवून ठेवा. उदाहरणार्थ: «नेवरी, 25 नग, 400 रुपये. सारण सुक्या खोबऱ्याचं. घेण्याचं ठिकाण फोंडा बसस्थानक, संध्याकाळी 5 ते 7. ऑर्डर पक्की करायला निम्मे पैसे आगाऊ.» विचारणाऱ्याला अर्ध्या तासात असं पूर्ण उत्तर गेलं पाहिजे. रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, तर तोवर त्याने शेजारच्या वाड्यावरच्या बाईला सांगितलेलं असतं.

ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एका यादीत 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. «मेसेज केला, कोणी उत्तरच दिलं नाही» या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून पाकिटाच्या लेबलवर, एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 14 आकडी क्रमांकाखाली, एक ओळ छापा: «हा नंबर सेव्ह करा, सणाची यादी पाठवू.» अनोळखी माणसांना ग्रुपमध्ये ओढून माल खपवायला जाऊ नका. चारजणांनी रिपोर्ट केलं तर ऐन चवथीत नंबर बंद पडू शकतो.

इन्स्टाग्रामवर खातं बिझनेसचं करा. प्रोफाइलवरच्या नावाच्या जागी नुसतं ब्रँडचं नाव नको, «घरगुती नेवऱ्या, फोंडा» असं लिहा, कारण शोधताना ते नाव सापडतं. कॅप्शन मराठीत किंवा कोंकणीत, जशी गिऱ्हाइकाशी बोलता तशी असू द्या. मात्र जिन्नसाचं आणि गावाचं नाव एकदा रोमन लिपीतही लिहा, पुष्कळ लोक तसंच टाइप करून शोधतात. हॅशटॅग तीन-चार पुरेत. गावाचं लोकेशन मात्र प्रत्येक पोस्टला लावाच.

रील 15 ते 20 सेकंदांची, फोन उभा धरून, खिडकीच्या उजेडात. पहिल्या दोन सेकंदांत हात दिसू दे: पारीची कड दुमडत एकेक मुरड घालणारा अंगठा. त्यानंतर तेलात सोडलेली नेवरी फुगताना, आणि शेवटी मोडून दाखवलेलं सारण. कढईजवळ जाण्यापूर्वी लेन्स पुसा, वाफेने चित्र धुरकट होतं. दर आणि गाव स्क्रीनवर लिहा, पण तळाच्या पट्ट्यात नको, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात. बिझनेस खात्याला चित्रपटांची बरीच गाणी वापरता येत नाहीत. लावली तर आवाज बंद केला जाऊ शकतो. तेलाची चुरचुर त्याहून चांगली. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ पोस्ट करू नका, तो दाबला गेलेला असतो; फोनमधला मूळ व्हिडिओच वापरा.

दर लपवून «डीएम करा» (खाजगी मेसेज करा) लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. भाव विचारायला संकोच वाटणारी माणसं पुढे सरकतात आणि तुम्हाला कळतही नाही.

चवथीच्या तीन आठवडे आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात करण्याची पद्धत दाखवा, दुसऱ्यात दर आणि ऑर्डरीची शेवटची तारीख, तिसऱ्यात रोज स्टेटसवर «इतकी पाकिटं उरली». हा आकडा खरा असावा. गाव लहान आहे, खोटं लगेच कळतं. ऑर्डर चार दिवस आधी बंद करा, कारण माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) बाजाराची धावपळ सुरू झाली की ना तुम्हाला उसंत असते ना गिऱ्हाइकाला. ओल्या खोबऱ्याचं सारण असेल तर माल शेवटच्या दोन दिवसांतच द्या, लवकर दिलात तर ऐन चवथीला आंबूस लागतो.

हिशेब वहीत ठेवा: आठवड्यात किती मेसेज आले, त्यातल्या किती ऑर्डरी झाल्या, आणि «आमच्याविषयी कुठे कळलं?» याचं उत्तर. मेसेज खूप पण ऑर्डरी थोड्या, म्हणजे दर, उत्तराला लागणारा वेळ किंवा माल घेण्याचं ठिकाण तपासा. मेसेजच थोडे, म्हणजे रील बदला. लाइकचा आकडा या वहीत लिहू नका.

ज्यांनी चवथीला माल घेतला त्यांच्या चॅटला व्हॉट्सॲपमध्ये 'चवथ' असं लेबल लावून ठेवा. दिवाळीच्या तीन आठवडे आधी पहिली यादी त्यांनाच पाठवायची, रील त्यानंतर.