स्कूबाची साधनं: पाण्यात उतरण्याआधी काय तपासावं, विकत घेताना काय पाहावं

स्कूबामध्ये पाण्याखालचा प्रत्येक श्वास यंत्रातून येतो. म्हणून साधन भाड्याचं असो की स्वतःचं, उतरण्याआधी ते नजरेखालून आणि हाताखालून गेलंच पाहिजे. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, हे सगळं इन्स्ट्रक्टर बघेल. तो बघतोच. पण दिवाळी-नाताळच्या गर्दीत बोटीवर एकामागून एक गट चढत असतात, तेव्हा आणखी दोन डोळे असलेले बरे. शिवाय खालच्या तपासण्या पाच-दहा मिनिटांत होतात. फक्त व्हॉल्व्ह आणि नळ्यांना इन्स्ट्रक्टरला सांगून, त्याच्या देखत हात लावा.

आधी टाकी

टाकीत ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण 6 मीटरच्या खाली शरीराला घातक ठरू लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसते ती सुमारे 11 लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी. भरलेली असेल तर गेजवर 200 बारच्या आसपास दाब दिसतो. टाकीच्या खांद्यावर, म्हणजे मानेजवळच्या गोलाईवर, दाबाच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. ही हायड्रो टेस्ट साधारण दर 5 वर्षांनी आणि आतली पाहणी दरवर्षी व्हावी अशी रूढ पद्धत आहे. तारीख जुनी असेल किंवा रंगाच्या थराखाली वाचताच येत नसेल, तर दुसरी टाकी मागा. यात संकोच कसला?

मग हवेचा वास घ्या. चांगल्या हवेला वास नसतो. तेलकट किंवा धुरकट वास आला तर ती टाकी वापरायची नाही. कॉम्प्रेसर हवा ओढतो त्या तोंडाजवळ इंजिनाचा धूर असेल, तर तो टाकीत जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून हवा कुठे भरतात आणि कॉम्प्रेसर कसा ठेवलाय हेही विचारून घ्यावं.

रेग्युलेटर: सुईकडे बघत श्वास घ्या

रेग्युलेटर म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती नळीनं तोंडापर्यंत आणणारं यंत्र. सगळ्यात मोलाची तपासणी हीच, म्हणून ती क्रमानं करा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना माउथपीस तोंडात धरून हवा ओढा. काहीच आत यायला नको. हवा आली तर कुठेतरी फट आहे, म्हणजे पाण्यातही तिथून पाणी येणार. माउथपीसचं रबर दातांनी फाटलेलं नाही ना आणि त्याला धरून ठेवणारी पट्टी जागेवर आहे ना, हेही लगेच बघा. नळ्या टोकापाशी किंचित वाकवून पाहा. रबराच्या नळ्यांच्या भेगा बहुतेक वेळा धातूच्या जोडाजवळच पडतात.

आता गेजची काच स्वतःच्या आणि इतरांच्या चेहऱ्यापासून दूर वळवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगा. मग गेजकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्या. सुई जागेवर स्थिर राहिली पाहिजे. श्वास ओढताना सुई खाली जात असेल आणि सोडताना परत येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे. सुई प्रत्येक श्वासाला घसरतच गेली, तर तो बंद आहे आणि तुम्ही नळीत उरलेली हवा ओढताय. बोटीवर बसून दोन श्वास घेतले तर हा फरक कळत नाही, सगळं ठीक वाटतं. खाली मात्र हवा दाट होते. 10 मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो आणि प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते. तिथे अर्धवट उघडा व्हॉल्व्ह पुरत नाही.

पिवळ्या नळीचा दुसरा रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, हाही तोंडात धरून पाहा. तो जोडीदारासाठी असतो आणि कोणी तपासत नाही म्हणून त्यात वाळू सापडते.

बीसीडी आणि वजनं

बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगवणारं जॅकेट. बटण दाबून ते पूर्ण फुगवा. जास्तीची हवा व्हॉल्व्हमधून आपोआप सुटली पाहिजे आणि नंतर पाच मिनिटं जॅकेट टणक राहिलं पाहिजे. हवा भरायचं बटण दाबून सोडल्यावर चटकन वर येतं का, हे आवर्जून पाहा. मिठानं अडकलेलं बटण हवा भरतच राहतं आणि माणूस वर फेकला जातो. शेवटच्या 10 मीटरमध्ये फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते, म्हणून श्वास रोखून झपाट्यानं वर येणं हा स्कूबातला मोठा धोका. अशा वेळी जॅकेटची नळी खटकन काढून टाकता यायला हवी. ती कशी सुटते ते बोटीवरच एकदा करून बघा. हवा सोडायच्या दोऱ्या कुठे आहेत, तेही बघा.

वजनं, म्हणजे खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधलेलं शिसं, एका हातानं, एका ओढीत सुटली पाहिजेत. वजनाच्या पट्ट्यावर दुसरा पट्टा आडवा आलेला असेल तर तो सरळ करून घ्या. आणि लक्षात ठेवा, भरलेल्या टाकीतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर असतं. डाइव्ह संपत येते तशी अ‍ॅल्युमिनियमची टाकी वर उचलू लागते, त्यामुळे वजन रिकामी होत आलेली टाकी धरून ठरवावं लागतं.

विकत घ्यायचं तर पहिला मास्क

बाकी सगळं भाड्यानं चालतं, पण चेहरा आपापला असतो. पोहण्याचा चष्मा चालत नाही. त्यात नाक बाहेर राहतं, त्यामुळे खाली जाताना नाकानं हवा सोडून आतला दाब सांभाळता येत नाही आणि डोळे ओढल्यासारखे होतात.

दुकानात मास्कचा पट्टा मागे टाका, केस बाजूला करा, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. पट्टा घट्ट ओढून बसवावा लागतो तो मास्क तुमचा नाही, कितीही सुंदर दिसो. हीच चाचणी तोंडात माउथपीस असताना पुन्हा करा, कारण गालांचा आकार बदलतो. नाकपुड्या बाहेरून चिमटीत सहज धरता आल्या पाहिजेत, नाहीतर कान मोकळे करणं जमणार नाही. काचेवर टेम्पर्ड असं कोरलेलं असावं आणि चेहऱ्याला लागणारी कड मऊ सिलिकॉनची असावी. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं. तिथली थोडी मिशी कापली किंवा सिलिकॉन ग्रीस लावलं की बरंच थांबतं. चष्मा लागत असेल तर दोन काचांचा मास्क घ्या. त्यात काही कंपन्यांच्या तयार नंबरच्या काचा बसतात.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो आणि त्यामुळे धुकं धरतं. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं काच आतून दोन-तीनदा घासून धुवा. आतून अँटी-फॉग कोटिंग असेल तर मात्र हे करू नका.

फिन्समध्ये, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यांमध्ये, बोट दुमडत नाही आणि टाच सुटत नाही एवढं बघितलं की पुरे. अरबी समुद्रासाठी 3 मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख, बहुतेकांना पुरतो. तो अंगाला घट्ट हवा, पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे.

कॉम्प्युटर आधी, रेग्युलेटर नंतर

प्रमाणपत्र घेऊन नियमित डाइव्ह करणार असाल, तर मास्कनंतर पैसे डाइव्ह कॉम्प्युटरवर घाला. तो खोली आणि वेळ मोजतो, वर येण्याचा वेग सांगतो आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायची आठवण करतो. वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवावा. आकडे मोठे, बॅटरी सहज मिळणारी, बटणं कमी, एवढंच पाहा. कॉम्प्युटर दुसऱ्याला उसना देऊ नका, तो तुमच्याच शरीरातल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवत असतो. दाबाखाली श्वासातून शरीरात विरघळलेला हा वायू बाहेरचा दाब फार लवकर कमी झाला तर बुडबुडे धरतो, तोच दाबाचा आजार. त्यावरची नो-फ्लाय वेळ आपल्याकडे जास्त लक्षात ठेवावी लागते: एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18 तास विमानात बसू नये. मालवणहून आंबोलीमार्गे घाट चढलात तर तुम्ही सुमारे 700 मीटरवर जाता आणि तिथेही हवेचा दाब कमी असतो, तेव्हा दिवसभर डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढू नका.

रेग्युलेटर घेताना माझं ठाम मत: ब्रँडपेक्षा सर्व्हिसिंग बघा. त्याचे सुटे भाग आणि शिकलेला तंत्रज्ञ तुमच्या आवाक्यातल्या शहरात आहे का, हे आधी विचारा. युरोपच्या ईएन 250 मानकाचा शिक्का असावा. जुना घेत असाल तर सर्व्हिसची पावती मागा. ती नसेल तर सर्व्हिसचा खर्च किमतीत धरा आणि तो होईपर्यंत पाण्यात नेऊ नका.

लहान वस्तू

केशरी फुगा आणि त्याची दोरी, शिट्टी, दोरा कापायचं छोटं कटर हे तिन्ही खिशात मावतात. कोकणच्या पाण्यात तुटलेली मासेमारीची जाळी खडकांना अडकलेली असतात, म्हणून कटर दोन्ही हातांना पोचेल असं लावा. वर येण्याआधी फुगा सोडला की होडीवाल्याला तुम्ही दिसता. बोटीवर ऑक्सिजन किट कुठे आहे आणि ते वापरता कोणाला येतं, हे निघण्याआधीच विचारा. दाबाच्या आजारात तोच पहिला उपचार.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यात भिजवा. रेग्युलेटरच्या टाकीला जोडायच्या तोंडावर त्याची टोपी कोरडी करून घट्ट बसवलेली हवी आणि पाण्यात असताना माउथपीसच्या पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. बीसीडीच्या आतही पाणी घालून हलवून काढा. सावलीत वाळवा. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हाच रेग्युलेटर सर्व्हिसला द्या. ऑक्टोबरात सगळ्यांची एकदम घाई होते.