शिकागोत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी: या जूनमध्ये येणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी

फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) ३ वर्षांची असते आणि बहुतेक ठिकाणी ती १ जुलैला सुरू होते. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर डीएस-२०१९ या प्रमाणपत्रावरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत अमेरिकेत येता येते. हे ३० दिवस शक्य तितके वापरा. ओरिएंटेशनच्या आदल्या दिवशी उतरलात तर घर, बँक, सोशल सिक्युरिटी नंबर ही सगळी कामे नेमकी पहिल्या नाइट फ्लोटच्या (रात्रपाळीच्या) आठवड्यात अंगावर येतात.

निघण्यापूर्वी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी) करून घ्या. टीबीसाठी त्वचेवरची चाचणी नको, रक्ताची आयजीआरए करा. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांत त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आयजीआरएवर बीसीजीचा परिणाम होत नाही. इलिनॉय राज्याचा तात्पुरता वैद्यकीय परवाना हाती आल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. त्यामुळे प्रोग्रॅमची कोऑर्डिनेटर एखादा कागद मागेल तर तो त्याच दिवशी पाठवा. कॉलेजच्या एका शिक्क्यासाठी लोकांचे तीन-तीन आठवडे गेलेले आहेत.

आल्यावर आधी प्रोग्रॅमला कळवा, म्हणजे तुमची सेविसमधली (व्हिसाधारकांच्या सरकारी संगणकप्रणालीतली) नोंद चालू होईल. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) छापून ठेवा आणि साधारण १० दिवस थांबून मगच सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा. आधी गेलात तर संगणकात तुमचे नाव सापडत नाही आणि दुसरी खेप पडते. पगाराचा पहिला चेक जुलैच्या मध्यानंतरच धरा, म्हणजे दीड महिन्याचा खर्च जवळ हवा. पहिल्या पे-स्टबवर (पगारपत्रकावर) फायका हा कर कापला आहे का ते बघा. जे-१ वर पहिल्यांदा आलेल्याला आल्याचे वर्ष आणि पुढचे कॅलेंडर वर्ष सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांचा मिळून ७.६५ टक्के असलेला हा कर लागत नाही. पेरोलवाल्यांकडून तो चुकून कापला जातो, आणि वेळीच सांगितले तर परत मिळवणे सोपे असते. जोडीदार जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल तर कामाच्या परवानगीचा आय-७६५ अर्ज लगेच भरा. कार्ड येईपर्यंत त्याला किंवा तिला नोकरी करता येत नाही.

घर शोधताना क्रेडिट स्कोअर मागतात, तो तुमच्याकडे नसतो. रेसिडेन्सीचा करारनामा दाखवला की बरेच घरमालक ऐकतात. जाहिरातीत ‘हीट इन्क्लूडेड’ आहे का ते पाहा. शहराच्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते १ जून या काळात भाड्यात हीट धरलेल्या घरात दिवसा ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. सीटीए या शहरी रेल्वेच्या ब्लू आणि रेड या दोनच लाइन्स रात्रभर चालतात. गाडी नसेल तर रात्रपाळीच्या दृष्टीने त्यांच्याजवळच घर घ्या. किराणा आणि कढीपत्ता डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर मिळतो.

आता खरे काम. हॉस्पिटलचे रोटेशन, आयसीयू, लेबर वॉर्ड यांच्या धावपळीत आठवड्यातले एक-दोन अर्धे दिवसाचे क्लिनिक दुय्यम वाटू लागते. तसे वाटू देऊ नका. ही रेसिडेन्सी त्या क्लिनिकसाठीच आहे. एसीजीएमई या रेसिडेन्सीवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार दर वर्षी किमान ४० आठवडे आणि ३ वर्षांत किमान १,००० तास तुमच्या स्वतःच्या क्लिनिकमधल्या रुग्णांसाठी द्यावे लागतात. हेच रुग्ण, त्यांची बाळे आणि त्यांचे म्हातारे आईवडील तीनही वर्षे तुमच्या नावावर असतात.

आपल्याकडे ओपीडीत शंभर रुग्ण पाहिलेला डॉक्टर इथे सुरुवातीला एका सत्रात तीन-चार रुग्णांनीच थकतो, कारण काम वेगळे आहे. खोलीत शिरल्यावर पहिल्याच तक्रारीच्या मागे धावू नका. ‘आज आणखी काय काय बोलायचे आहे?’ असे विचारून पूर्ण यादी घ्या, त्यातले दोन विषय आज, बाकीचे २ ते ४ आठवड्यांनी. हे विचारले नाही तर निघता निघता, दार उघडताना, रुग्ण छातीत दुखते म्हणून सांगतो आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोसळते.

मग प्रीसेप्टरकडे, म्हणजे क्लिनिकमध्ये देखरेख करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरकडे. पहिले ६ महिने मेडिकेअरच्या नियमामुळे प्रीसेप्टरला रुग्ण स्वतः पाहावा लागतो. नंतर साध्या भेटींसाठी ही अट सैल होते. केस सांगताना निष्कर्ष आधी सांगा: ‘५२ वर्षांच्या बाई, मधुमेह, मेटफॉर्मिन पूर्ण डोसमध्ये, ए१सी ९.२, दुसरे औषध सुरू करावे असे मला वाटते, कारण हे.’ आपल्याला मोठ्यांसमोर गप्प राहायची सवय असते. इथे त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘याला येत नाही’ असा लावला जातो आणि तसाच मूल्यमापनात उतरतो. चुकीचा बेत मांडलेला चालतो, न मांडलेला चालत नाही. रात्री वॉर्डात शंका आली तर सीनियरला लगेच फोन करा. उशिरा केलेल्या फोनबद्दल बोलणी बसतात, लवकर केलेल्याबद्दल नाही.

नोट त्याच दिवशी संपवा. रिपोर्ट तयार झाला की पोर्टलवर रुग्णालाही लगेच दिसतो, बऱ्याचदा तुमच्याआधी. म्हणून चाचणी मागवतानाच काय येऊ शकते ते त्याला सांगून ठेवा. औषध लिहिण्यापूर्वी विम्याच्या यादीत आहे का ते पाहा, नाहीतर फार्मसीतून प्रायर ऑथरायझेशनचा (विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीचा) निरोप येतो आणि रुग्ण औषधाविना घरी जातो.

नावेही बदला: पॅरासिटामॉल म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. तारखेत महिना आधी येतो. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), के/सी/ओ (आधीपासूनचा आजार) हे संक्षेप नोटमध्ये लिहू नका.

भाषेसाठी दुभाष्या घ्या, फोनवर घेतला तरी चालतो. स्पॅनिश आणि पोलिश रोज लागते. रुग्णाचा मुलगा भाषांतर करतो म्हणाला तरी त्याच्यावर विसंबू नका, मूल लहान असेल तर आणीबाणी सोडून कायद्यानेच मनाई आहे. हिंदी-मराठीत तुम्ही स्वतः बोलणार असाल तर हॉस्पिटलची भाषाचाचणी लागते का ते आधी विचारा.

शिकागोतली एक गोष्ट आपण जास्त चांगली करू शकतो. घरापर्यंत येणारे शिशाचे पाण्याचे पाइप या शहरात अमेरिकेत सर्वाधिक, सुमारे ४ लाख आहेत, शिवाय १९७८ पूर्वीच्या घरांतला जुना रंग. मुलाच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त शिसे आले की स्रोत शोधायचा असतो. दक्षिण आशियाई घरांत काजळ, सुरमा आणि गावाहून आणलेली सुटी हळद यांबद्दल नक्की विचारा. दुसऱ्या डॉक्टरला हे सुचेलच असे नाही.

व्यसनमुक्तीच्या उपचारांची आपल्या एमबीबीएसमध्ये फारशी सवय होत नाही, इथे ते रोजचे काम आहे. ओपिऑइडचे (अफूसारख्या औषधांचे) व्यसन सोडवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनसाठी लागणारी वेगळी एक्स-वेव्हर परवानगी २०२२ च्या अखेरच्या कायद्याने रद्द झाली. पहिल्याच वर्षी एखाद्या अटेंडिंगसोबत (वरिष्ठ डॉक्टरसोबत) बसून ते सुरू करायला शिका आणि ओपिऑइड घेणाऱ्या प्रत्येकाला नॅलोक्सोन (ओव्हरडोसवरचा उतारा) लिहून द्या.

कामाचे तास ४ आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० पेक्षा जास्त नसावेत आणि सात दिवसांत एक दिवस सुटी असावी. तास खरे नोंदवा, कमी करून दाखवू नका. जे-१ वर मूनलाइटिंग (रेसिडेन्सीबाहेरचे जादा काम) करता येत नाही, एक दिवसही नाही. स्टेप ३ (अमेरिकन परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) मात्र पहिल्या वर्षाच्या हलक्या रोटेशनमध्ये उरका: परीक्षा २ दिवसांची, आणि दुसऱ्या दिवशीच्या १३ सीसीएस केसेसचा (कृत्रिम रुग्णांचा) सराव संगणकावरच करावा लागतो.

डीएस-२०१९ दर वर्षी नवा लागतो. व्हिसाचा शिक्का संपला असताना दोन आठवड्यांच्या सुटीत मुंबईला जाणे धोक्याचे आहे, अपॉइंटमेंट अडकली तर रोटेशन बुडते. रेसिडेन्सी संपल्यावर दोन वर्षे भारतात राहण्याच्या जे-१ च्या अटीतून सुटण्यासाठी बहुतेकजण कॉनरॅड ३० ही सवलत घेतात: राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षे, आठवड्याला ४० तास काम. अर्ज करताना नोकरीचा करार हातात असावा लागतो आणि अनेक राज्ये १ ऑक्टोबरच्या सुमारास अर्ज घेऊ लागतात. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीतच शोध सुरू करा आणि स्वतःचा इमिग्रेशन वकील ठेवा. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचे हित पाहतो.