आभाळ भरलं असलं तरी लघुग्रह शोधता येतात

खानापूर-जांबोटीकडं एकदा मिरग लागला की चांदणी दिसायची मारामार. दुर्बीण गुंडाळून ठेवा आणि लॅपटॉप उघडा.

१. 'इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन' ही संस्था हौशी लोकांना दुर्बिणीचे फोटो देऊन लघुग्रह शोधायला लावते. तिच्या मोहिमेत दोस्तांचा गट करून नाव नोंदवा. पैसे पडत नाहीत.

२. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो, काही मिनिटांच्या अंतरानं काढलेले. लाईट जायच्या आत चारही उतरवून घ्या.

३. 'अ‍ॅस्ट्रोमेट्रिका' या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागोमाग लुकलुकवा. तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो.

आता खरी युक्ती. अख्ख्या फोटोवर नजर फिरवली की हमखास चुकतं. रंग उलटे करा, म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके दिसतील. मग फोटो मोठा करून एका कडेनं पट्टा-पट्टा बघत जा. ऊस भांगलताना सरी सोडत नाही, तसं. ठिपका चारही फोटोंत एका रेषेत, सारख्या अंतरानं सरकत असेल आणि त्याचं तेजही साधारण तेवढंच असेल, तर टिपून ठेवा. नुसता एका पिक्सेलचा टोकदार ठिपका बहुतेक कॅमेऱ्याचा दोष असतो. पृथ्वीजवळचे लघुग्रह बरेचदा लांब उड्या घेतात, कधी बारीक रेघच उमटते. पण सापडतात ते जास्त करून मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातलेच.

एक सांभाळा: टिपलेल्या ठिपक्यांचा अहवाल मोहिमेला पाठवला म्हणजे शोध लागला नव्हे. पक्कं व्हायला वर्षं जातात, तोवर पेपरात फोटो देऊ नका.